मजुरीचा रकाना

अब्बा गवंडी होते. अंथुर्ण्यात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी चाळीस वर्षे थापी चालवली. पण कुणाला कागदावर एस्टिमेट लिहून दिल्याचे आम्हा भावंडांना आठवत नाही. ते घराभोवती एक फेरी मारत, भिंतीवर मुठीने टकटक करत, जोत्याशी उकिडवे बसून माती चिमटीत घेत आणि थोडा वेळ गप्प राहून एक आकडा सांगत. घरमालक म्हणे, ‘चाचा, थोडं कमी करा.’ अब्बा कमी करत. ते नेमके काय कमी करतात, हे आम्ही त्यांना कधी विचारले नाही. ते कळायला आम्हाला स्वतःच घरमालक व्हावे लागले.

अब्बा 2019 मध्ये गेले. त्यानंतर आम्ही तिघांनी, म्हणजे दोन भाऊ आणि इंदापूरला दिलेली बहीण, मिळून गावात एक जुने घर घ्यायचे ठरवले. राहायला नव्हे, भाड्याने द्यायला. थोरले शिक्षक, धाकटे बारामतीला नोकरीत. दोघांकडे थोडी शिल्लक होती. बहिणीने पाटल्या मोडल्या. बँकेचे कर्ज घ्यायचे नाही, व्याज द्यायचे नाही, हे पहिल्या दिवशीच ठरले होते. अम्मीच्या औषधपाण्याचा खर्च भाड्यातून निघावा आणि उरलेले तिघांनी वाटून घ्यावे, एवढाच बेत.

अंथुर्णे बारामती-इंदापूर रस्त्यावरचे गाव. संत तुकाराम महाराजांची पालखी सणसरहून निघते, बेलवाडीला गोल रिंगण होते आणि मुक्कामाला अंथुर्ण्यात येते. नोव्हेंबर 2021 मध्ये या पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली आणि गावात जो तो गाळ्यांच्या भावाचे बोलू लागला. रस्त्यापासून तीस पावलांवर, गावठाणातल्या बोळात, एक तीन खणांचे घर विकाऊ होते. दगड-मातीच्या भिंती, अर्ध्यावर माळवद, अर्ध्यावर पत्रे. मालक पुण्याला स्थायिक झालेले. जानेवारी 2022 मध्ये नऊ लाखांना खरेदीखत झाले. पुढे दोन गाळे काढायचे, मागे तीन खोल्या एका कुटुंबाला द्यायच्या, आणि हे सगळे पालखी येण्याआधी पुरे करायचे. दोन वर्षे कोरोनामुळे पालखी पायी आली नव्हती. त्या वर्षी येणार होती, आणि गाळे बघून गेलेल्या दोघांनाही दुकाने त्याआधी उघडायची होती.

शाळेच्या शंभर पानी वहीत आम्ही एस्टिमेट मांडले. गवंड्याची मुले, शिवाय शिकलेली, घमेंड होतीच. माप, नग, दर, रक्कम असे रकाने आखले. सळईचे वजन कसे काढायचे ते धाकट्यांना पाठ होते. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करायचा, त्याला 162 ने भागायचे, की एका मीटरचे किलो मिळतात. बारा मिलिमीटरची सळई मीटरला साधारण 890 ग्रॅम भरते. सिमेंटचे पन्नास किलोचे पोते म्हणजे सव्वा घनफूट. अर्धा इंच जाडीचा, एकास चार मालाचा गिलावा शंभर चौरस फुटांना पाऊण ते एक पोते खातो. आतल्या भिंती बाराशे चौरस फूट, म्हणून गिलाव्याला 11 पोती धरली.

पहिली चूक ‘ब्रास’ या शब्दात झाली. आपल्याकडे वाळू-खडीचा ब्रास म्हणजे शंभर घनफूट आणि गिलावा-फरशीचा ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. शब्द एक, मापे दोन. आमच्या एका पानावर ही दोन्ही मापे एकाखाली एक बसली होती आणि त्यांची बेरीजही झाली होती. ती चूक बहिणीने पकडली. ती म्हणाली, ‘पीठ आणि पोळ्या एका तागडीत मोजता का तुम्ही?’

सामानाचा आकडा 3,95,000 आला. उरला शेवटचा रकाना, मजुरीचा.

मजुरीसाठी आम्ही अब्बांच्या हाताखाली शिकलेल्या मिस्त्रींना बोलावले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांनी अब्बांसारखीच फेरी मारली, टकटक केली, माती चिमटीत घेतली. म्हणाले, ‘सर, जुन्या घराची भिंत उघडल्याबिगर भाव सांगता येत न्हाई. रोजानं घ्या.’ रोजाने काम लांबते, मजूर वेळ काढतात, हे आम्ही घरमालकांच्या तोंडून ऐकलेले वाक्य आमच्या तोंडात तयार होते. आम्ही काम उक्ते द्यायचा आग्रह धरला. तेव्हा मामा नाइलाजाने म्हणाले, ‘मग दोन लाख वीस हजार.’

सिमेंटवाल्याकडे आम्ही घासाघीस केली होती. त्याने पोत्यामागे पाच रुपये सोडले. वीटवाल्याने काहीच सोडले नाही. मामांनी मात्र तासाभरात 55,000 सोडले. 1,65,000 वर सौदा ठरला. अब्बांच्या नात्याने त्यांनी मान राखला, असे आम्ही एकमेकांना सांगितले. एकूण एस्टिमेट झाले 5,60,000. घरासकट 14,60,000.

फेब्रुवारीत काम सुरू झाले. माळवदाची माती उतरवली तेव्हाच पहिला धडा मिळाला. जुन्या माळवदावर दर पावसाळ्याआधी नवी माती टाकतात. वर्षानुवर्षांचा तो थर फूटभराहून जाड निघाला. राडारोडा कुठे टाकायचा, कोण वाहून नेणार, याचा आमच्या वहीत रकानाच नव्हता. बोळात टेंपो शिरत नव्हता. वीट असो की खडी, सगळे रस्त्यावर उतरायचे आणि तिथून तीस पावले डोक्यावर. तीस पावले ऐकायला थोडी वाटतात. डोक्यावर घमेले घेऊन दिवसातून दीडशे वेळा चालायची असतात तेव्हा ती थोडी राहत नाहीत. ही पावले चालत होत्या मामी, मामांची बायको.

मार्चमध्ये मागची भिंत उघडली. वरून दीड हात रुंद, भक्कम दिसणारी भिंत आत पोकळ होती. दोन्ही बाजूंना दगड आणि मधे भरलेली माती, तीही उंदरांनी पोखरलेली. खाली काळी माती. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि तिच्या या हालचालीबरोबर जोता खालीवर होतो. त्यात नीरा डाव्या कालव्याचा हा भाग, जमिनीत ओल आणि क्षार. भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा लोण्याने खाल्लेला होता. बोट लावले की पांढरी भुकटी पडे. ती भिंत डागडुजी करून ठेवण्यासारखी नव्हतीच. काळी माती काढून मुरूम भरावा लागला, कॉलम घ्यावे लागले, जोत्यावर बीम टाकावा लागला, मग विटा.

त्याच महिन्यात सळईचे भाव चढले. युक्रेनचे युद्ध फेब्रुवारीत सुरू झाले आणि त्याची झळ अंथुर्ण्याच्या बोळापर्यंत पोहोचली. पुढे मे महिन्यात केंद्र सरकारने पोलादाच्या निर्यातीवर शुल्क लावल्यावर भाव उतरले. तोवर आमची सळई काँक्रीटमध्ये गेली होती.

गिलाव्याचेही तसेच. दगडी भिंतीला ओळंबा लावला तर कुठे पोट पुढे आलेले, कुठे खड्डा. अर्ध्या इंचाचा हिशोब कागदावर. भिंतीवर दीड इंच भरावा लागला, तोही जाळी मारून दोन हातांत. 11 पोत्यांच्या जागी 32 लागली. सिमेंटचे बिल आम्ही निमूट भरले. पण दुसऱ्या हाताची मजुरी? ती उक्त्यात होती. मागच्या भिंतीची? तीही उक्त्यात. ‘घर दुरुस्त करून द्यायचे’ असे ठरले होते. भिंत नवी की जुनी, हे कुठे लिहिले होते? हा युक्तिवाद आमचाच, आणि तो सुचल्याचा आम्हाला थोडा अभिमानही वाटला.

एप्रिलच्या सुरुवातीला रमजान लागला आणि मामा यायचे थांबले. दोन दिवस झाले, चार झाले. चौकशी केली तर ते शेजारच्या गावात कुणाच्या तरी बंगल्यावर रोजाने जात होते. आम्ही चिडलो. शब्द फिरवला, ॲडव्हान्स घेऊन पळाला, अब्बांचे नाव ठेवले नाही. काय काय बोललो. इफ्तारच्या दस्तरखानावर हाच विषय. अम्मी खजूर हातात धरून ऐकत होती. तिने कुणाची बाजू घेतली नाही. एवढेच म्हणाली, ‘तुमारे अब्बाके पैसे बी लोगां ऐसेच काटते थे. आखरी हप्ता कबी पूरा नहीं आया.’

मगरिबची नमाज झाली. नंतर बराच वेळ कुणी बोलले नाही. मग धाकट्यांनी वही काढली आणि जो हिशोब आम्ही कधी केला नव्हता तो केला. मामा 900 रुपये रोजाचे, जोडीदार गवंडी 800, एक बिगारी 500, मामी 400. दिवसाचे 2,600. भरलेले दिवस 46. म्हणजे 1,19,600 रुपयांचे काम होऊन गेले होते. 1,65,000 मधून उरत होते 45,400, सतरा दिवसांची मजुरी. काम उरले होते निदान अडतीस दिवसांचे. उरलेल्या एकवीस दिवसांचे पैसे कुठून येणार होते? जोडीदार आणि बिगारी संध्याकाळी रोख मागणारे. म्हणजे ते पैसे मामांच्या खिशातून आणि मामींच्या पाठीतून येणार होते. मामा पळाले नव्हते. आमच्याकडचा तोटा सोसता यावा म्हणून दुसरीकडे चार पैसे मिळवायला गेले होते.

मजुराचे पैसे त्याचा घाम वाळण्याआधी द्यावेत, ही पैगंबरसाहेबांची शिकवण आम्ही जुम्म्याच्या बयानात लहानपणापासून ऐकलेली. आम्ही तर हप्ते वेळेवर देत होतो, म्हणून ती आपल्याला लागू नाही असे वाटत होते. पण उक्त्या कामाची हीच गोम आहे. पैसे वेळेवर मिळतात आणि तरी घाम फुकट जातो. जुन्या घरात काय निघेल हे ना आम्हाला माहीत होते, ना मामांना. तो धोका आमच्या मालमत्तेचा होता. एका आकड्याने आम्ही तो उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला होता. आणि व्याज टाळले म्हणून आम्ही समाधानी होतो! बँकेला जे दिले नाही ते मामांकडून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी तरावीहनंतर आम्ही वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. मामींनी चहा टाकला. आम्ही हिशोब वाचून दाखवला. मामा ऐकत राहिले, मग म्हणाले, ‘आकडा मला ठावं होता, सर. म्हणून तर दोन लाख वीस म्हणलो व्हतो.’

‘मग कमी का केलेत मामा?’

‘चाचानं शिकवलं तसं. मालकाच्या तोंडावर न्हाई म्हणू नये. काम हातचं जातं.’

त्या उत्तरापुढे आम्हाला काही बोलता आले नाही. अब्बा काय कमी करत होते, ते तेव्हा समजले. सिमेंटचा भाव दुकानात ठरतो, विटेचा भट्टीवर, सळईचा तर सातासमुद्रापार. कमी करण्यासारखे गवंड्याच्या हातात एकच असते. आमच्या ईदच्या कपड्यांमध्ये, शाळेच्या वह्यांमध्ये जे कमी पडत असे, ते कुणाच्या तरी घराच्या भिंतीत लिंपलेले होते.

उक्ते मोडले. उरलेले काम रोजाने धरले आणि मागचेही रोजानेच मोजले. ईद झाली आणि मे महिन्यात काम पुन्हा उभे राहिले. रोज संध्याकाळी हजेरी मामा आणि आम्ही दोघांच्या सहीने मांडू लागलो. रोजाने काम लांबते, हे वाक्य खोटे ठरले. एकूण भरले 84 दिवस, रक्कम 2,18,400. वरचे 600 टाकून आम्ही 2,19,000 केले. मामांनी पहिल्या दिवशी मागितले होते त्यापेक्षा एक हजाराने कमीच! भिंत उघडल्याबिगर भाव सांगता येत नाही म्हणणाऱ्या माणसाने भिंत न उघडताच ती धरली होती.

अखेरचा हिशोब असा झाला. मागची भिंत 92,000, गिलाव्याचे वाढीव सामान आणि जाळी 17,000, राडारोडा आणि वाहतूक 24,000, जुनी वायरिंग आणि नळ, जे ‘चालेल’ म्हणून सोडले होते, 46,000, भाववाढ 21,000, मजुरी 54,000. एकूण जादा 2,54,000. घर पडले 17,14,000 ला, स्टॅम्प-नोंदणी वेगळी. शिल्लक तर पूर्वीच संपली होती. मामूंकडून कर्ज-ए-हसना घेतले. ते दीड वर्षात फेडले. दोन गाळ्यांचे चार-चार हजार आणि मागच्या खोल्यांचे साडेतीन, असे महिना 11,500 भाडे ठरले. एस्टिमेटप्रमाणे वर्षाला साडेनऊ टक्के सुटायचे होते, सुटले आठ. फरक दीड टक्क्याचा, आणि त्या दीड टक्क्यातला मामांचा वाटा फार थोडा. खरा खड्डा भिंतीने पाडला होता. आम्ही मात्र तो माणसाकडून भरून घ्यायला निघालो होतो.

आणखी एक गोष्ट तेव्हा शिकलो. बांधकाम कामगारांसाठी तेव्हा 1996 चा केंद्रीय कायदा होता आणि महाराष्ट्रात 2011 पासून कल्याणकारी मंडळ आहे. तिथे नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मामांनी चाळीस वर्षांत तो कुणाकडे मागितला नव्हता. मालकाकडे कागद मागितला की मालक बिचकतो. आम्ही 84 दिवसांचे लिहून दिले, बाकीचे दिवस त्या बंगल्याचे. मामींचेही वेगळे लिहून दिले. आमच्या वहीत तोवर त्या ‘बाई बिगारी, 1’ अशा होत्या.

इस्तंबूलची सुलेमानिये मशीद सोळाव्या शतकात, 1550 ते 1557 या काळात उभी राहिली. तिच्या बांधकामाच्या हिशोबवह्या टिकून आहेत. त्यात कारागिरांची हजेरी आणि त्यांची मजुरी नोंदलेली आहे, मुसलमानांची आणि ख्रिश्चनांचीही. हे वाचले तेव्हा आम्हाला आपल्याकडची ताजमहालाची दंतकथा आठवली. कारागिरांचे हात तोडल्याची ती गोष्ट, जिला इतिहासात आधार नाही, आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. पण त्या हातांना रोज काय मिळत होते, हा प्रश्न आपण कुणी विचारत नाही.

आता मोहल्ल्यातले, गावातलेही लोक जुने घर घेताना आम्हाला विचारायला येतात. आम्ही जाणकार झालो असे नाही; पण चूक करून पैसे भरलेला माणूस स्वस्तात सल्ला देतो. आम्ही सांगतो ते एवढेच. सौद्याआधी मालकाच्या परवानगीने भिंतीला दोन ठिकाणी भोक पाडा आणि जोत्याशी हातभर खणा. त्या पाचशे रुपयांच्या खणण्यात लाखाचे उत्तर असते. नव्या बांधकामाचे दर जुन्या घराला लावू नका. नव्यात फक्त बांधायचे असते, जुन्यात आधी पाडायचे, वाहायचे आणि सावरायचे असते. नव्या कामाला शेकडा दहा वर ठेवतात. जुन्याला आम्ही पंचवीस ठेवायला सांगतो. कर्ज न घेता करणार असाल तर काम टप्प्यांत तोडा, आणि प्रत्येक टप्पा असा निवडा की पैसे संपले तरी घर उघडे पडणार नाही. आधी छप्पर आणि पाया, रंग शेवटी. सामानाचे दर महिन्याला बदलतात. सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या वहीवरून एस्टिमेट काढू नका. मजुरी उक्ती द्यायचीच असेल तर जे दिसते त्याचीच द्या. जे भिंतीत दडले आहे ते रोजाने.

आमचे घरही काही निर्दोष झाले नाही. बाजूच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्याने आतली ओल कोंडली आणि दोन पावसाळ्यांत लोणा पुन्हा वर आला. मामांनी तिथे चुन्याचा गिलावा सुचवला होता. तो वेळखाऊ म्हणून आम्ही टाळला. आता तो पट्टा खरवडून चुना करायचा आहे. त्याचे एस्टिमेट मागच्या जुम्म्याला काढले. वही तीच आहे. फक्त या वेळी पान आखताना मजुरीचा रकाना पहिला घेतला आणि तो मामांनी सांगितला तसा लिहिला. मग बसून सामानात काय कमी करता येईल ते पाहिले.